पासवर्ड जरा मोठ्यानं सांगा!

सायबर कॅफेचा कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला की त्यातून काय काय पडतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला मी वेगळं काही सांगायला नको. सुपारीची खांडं, खारीचा चुरा, केस, नखं, एकदा तर कानातला डूल! माणूस तासभर बसतो, स्वतःचं एवढं सगळं सांडतो आणि खुशाल निघून जातो. किश्श्यांचंही तसंच. मी काही गोळा करायला गेले नव्हते. आपोआप साचत गेले.

परवा सून मला समजावत होती, "आई, ऑनलाइन सेफ्टी फार महत्त्वाची असते हं. कुणाला स्वतःचं काही सांगायचं नसतं." मी म्हटलं, "हो का? बरं झालं सांगितलंस." जुन्या जालन्यात इतकी वर्षं सायबर कॅफे चालवलेल्या बाईला हे सांगताना तिला जराही संकोच वाटला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

कापड दुकानांच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर माझी आधी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. दोन हजार सालानंतर टायपिंगला कुणी येईना, म्हणून मशिनी भंगारात घातल्या आणि तिथं सहा कॉम्प्युटर मांडले. प्लायवूडच्या केबिनी केल्या, प्रत्येकीला अर्धा पडदा लावला. कापड खालच्याच दुकानातलं; त्यावर मोर होते. आमचे हे एसटीत कंडक्टर. इंटरनेट म्हणजे काय, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी एकच सल्ला दिला, "तिकीट आधी फाडायचं. मंग माणूस कुठंबी जाऊ दे."

आजवर कुणी इंटरनेट मला याहून चांगलं समजावून सांगितलेलं नाही.

*

पासवर्ड ही गुप्त ठेवायची गोष्ट असते, हे त्या काळात फक्त कॉम्प्युटरला माहीत होतं. तो बिचारा इमानदारीनं ठिपके दाखवायचा. बाकी सगळं गाव मोठ्यानं बोलायचं.

"मॅडम, माझा पासवर्ड काय हो?" केबिन दोनमधून आवाज यायचा.

"पोरीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन!" मी काउंटरवरून ओरडायची.

"धाकटीचं का थोरलीचं?"

"थोरलीचं!" हे उत्तर केबिन पाचमधून यायचं. गिऱ्हाइकं एकमेकांना फार सांभाळून घ्यायची.

याला अपवाद एकच, धावड्याचे भाऊराव. मिरचीचे मोठे शेतकरी. मुलगा पुण्याला नोकरीला, त्याची मेल बघायला दर आठवड्याला यायचे. पासवर्ड टाकायची वेळ आली की डोक्यावरची टोपी काढून कीबोर्डावर धरायचे आणि तिच्याखाली एका बोटानं टाइप करायचे. मला सुद्धा सांगायचे नाहीत!

एकदा त्यांच्याऐवजी त्यांची बायको आली. एकटी. समोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मालक तापानं पडलेत. पण हे दर आठवड्याला एवढी इस्त्री करून इथं येतात, ते काय करून राह्यलेत ते मला बघायचंय. उघडा त्यांचं."

"पासवर्ड?"

"माझं नाव टाका की," बाई ठसक्यात म्हणाली.

टाकलं. उघडलं नाही.

बाईनं पदर सावरला. "पोराचं टाका." नाही. "पोरीचं टाका." नाही. "सासूबाईचं टाका बरं, त्यांचं लय होतं आईशी." तरी नाही. बाईचा चेहरा उतरत चालला. उगीच दुसऱ्याच्या संसारात हात घातला असं मला वाटायला लागलं.

तिनं मोराच्या पडद्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "चंद्रा टाका."

टाकलं. आणि उघडलं!

मान वर करायची माझी हिंमत होईना. शेवटी घाबरत विचारलं, "कोण हो ही चंद्रा?"

"म्हैस," बाई म्हणाली आणि ताडकन उठली. "संसार माझ्यासंगं, आन् भरवसा म्हशीवर!"

*

देशपांडे सर म्हणजे आमच्या भागातलं विज्ञान. रिटायर झाले तरी गावोगाव जाऊन अंधश्रद्धेवर भाषणं द्यायचे, नारळातून धूर काढून दाखवायचे. माझ्या मॉनिटरला मी लिंबू-मिरची बांधली होती, तीही त्यांनी स्वतःच्या हातानं सोडली आणि घरी नेली. मिरची चांगली होती म्हणे.

एक दिवस सर आले ते इकडंतिकडं बघतच. कोपऱ्यातली केबिन घेतली. जरा वेळानं पडद्यातून नुसतं डोकं बाहेर काढलं. "मॅडम, फॉरवर्ड कसं करतात हो?"

जाऊन बघते तर स्क्रीनवर एका देवाचा फोटो. खाली मजकूर: ही मेल अकरा जणांना पाठवा, घरात सुख येईल. एकानं डिलीट केली, त्याचा जावई घर सोडून गेला.

"सर, तुम्ही?"

"छे! मी हे निषेध म्हणून पाठवतोय," सर म्हणाले. "लोकांना कळायला नको, असल्या मेली येतात ते?"

मी दाखवलं. सरांनी घाम पुसत पुसत निषेध नोंदवला. मग परत डोकं बाहेर. "मॅडम, ओळखीचे नऊच निघाले. दोन कमी पडून राह्यलेत."

"मग नवावर थांबा की. निषेधच आहे ना?"

"प्रयोग अर्धवट सोडणं विज्ञानाला धरून नाही!" सर चिडले. "असं करा, माझ्याच नावानं दोन नवीन अकाउंट काढून द्या."

दिले काढून. अकरा पूर्ण झाले. सरांचा चेहरा एवढा शांत मी नारळातून धूर काढतानाही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच सर जिन्यात उभे!

"मॅडम, घोटाळा झाला. त्या नव्या दोन्ही अकाउंटवर ती मेल आलीय. प्रत्येकी अकरा जणांना पाठवा म्हणतेय!"

*

चॅटिंग जोरात होतं तेव्हाची गोष्ट. खालच्या कापड दुकानाचे पप्पूशेठ दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की वर यायचे आणि केबिन एक घ्यायचे. समोरच्या पतपेढीतले सोनवणे जेवणाच्या सुट्टीत यायचे आणि केबिन सहा घ्यायचे. दोघंही चाळिशीचे, लेकरंबाळं असलेले. जिन्यात एकमेकांना दिसले तर "प्रिंट काढायची होती" एवढंच म्हणायचे. दोघांचीही ती प्रिंट कधी निघाली नाही.

एके दिवशी पप्पूशेठ काउंटरवर आले. "मॅडम, कैरीच्या लोणच्यात मेथी भाजून घालतात की तळून?"

मला वाटलं, वहिनी माहेरी गेल्या असतील. म्हटलं, "तळून. आणि गार झाल्यावर कुटायची."

ते केबिनमध्ये गेले न गेले, तोच तिकडून सोनवणे आले. "मॅडम, तळलेल्या मेथीनं लोणचं कडू होत न्हाई का हो?"

मी म्हटलं, "जास्त काळी केली तर होतं."

सोनवणे गेले. लगेच पप्पूशेठ! "काळी किती म्हणजे जास्त काळी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चॅटवर पप्पूशेठ होते पुण्याची रीना आणि सोनवणे होते नाशिकची स्वीटी! बायकांच्या नावानं गेलं की बायका मोकळ्या बोलतात, ही अक्कल दोघांनाही एकदमच सुचली होती. आता दोघी एकमेकींवर छाप पाडायची म्हणून महिनाभर स्वयंपाकाच्या गप्पा मारत होत्या. आणि दोघींची सुगरण मी!

सांगावंसं फार वाटलं. पण दोन गिऱ्हाइकं एकदम तुटली असती. शिवाय एवढी निखळ मैत्री मी बायका-बायकांत सुद्धा पाहिली नव्हती. रीनाची कंबर धरली की स्वीटी ओव्याचा शेक सांगायची.

त्या उन्हाळ्यात पप्पूशेठच्या घरून लोणच्याची वाटी आली. पाठोपाठ सोनवणेंच्या घरूनही आली. दोघांच्या बायका मला वेगवेगळ्या भेटून एकच सांगून गेल्या, "यंदा ह्यांनी सांगितलं तसं केलं. यांना कुठून एवढी माहिती झाली, काय कळंना!"

*

मग नियम आला. सायबर कॅफेवाल्यानं ओळखपत्र बघितल्याशिवाय कुणाला बसू द्यायचं नाही. तपासायला एक हवालदार यायचे. आल्या आल्या चहा घ्यायचे आणि समाजाची काळजी करायचे. "लोक खोट्या नावानं बसतात मॅडम! खोटा फोटो, खोटं नाव. कुठं चाललाय समाज?"

काळजी करता करता एक दिवस त्यांनी स्वतःचंही अकाउंट काढून घेतलं. वर्दीतला फोटो लावला आणि ओळखीच्या, बिनओळखीच्या शंभर लोकांना मैत्रीची विनंती पाठवली. आठवडा गेला. एकानंही स्वीकारली नाही.

"लोकांना पोलिसांबद्दल प्रेमच राह्यलं न्हाई," ते फार खिन्न झाले.

मी म्हटलं, "साहेब, वर्दी काढून बघा. फोटोतली."

त्यांनी वर्दीच्या जागी गुलाबाचं फूल लावलं आणि नाव ठेवलं 'लव्हली राज'. दोन दिवसांत मित्रांची रांग लागली! त्या रांगेत आष्टीचा एक भुरटा होता. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चोरायचा आणि कित्येक महिने हवालदारांना सापडत नव्हता. लव्हली राजला मात्र तो रोज गुड मॉर्निंग करायचा. एक दिवस सहज त्यानं लिहिलं, सध्या अंबडला सासुरवाडीत आहे, आंबे लय गोड आहेत, या खायला.

लव्हली राज गेले. जीप घेऊन!

पुढचं मला हवालदारांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा पडला होता. गड्याला जीपमध्ये बसवून निघाले. जालना जवळ आलं तसा तो म्हणाला, "साहेब, मला आत टाका, कायबी करा. पण तेवढं लव्हली राजला कळू देऊ नका. माणूस लय हळवा हाय!"

*

इनामदार काका आष्टीचेच. घरचे बरे, वय सत्तरीच्या पुढं, आवाज असा की केबिनमध्ये बोलले तरी खाली पप्पूशेठचं गिऱ्हाईक वर बघायचं. नातवानं त्यांना ईमेल काढून दिला होता. त्यात एकदा परदेशातल्या एका विधवा बाईची मेल आली. नवरा वारला, पाठीमागं अमाप संपत्ती, पोटी मूल नाही, स्वतःला असाध्य आजार. मरायच्या आधी ही संपत्ती एका सज्जन माणसाच्या हवाली करायची आहे, तरी आपण आपली बँकेची माहिती कळवावी.

अशा मेली रोज शंभर जणांना यायच्या. मी काकांना म्हटलं, "काका, हा फसवायचा धंदा आहे. उत्तर देऊ नका."

काका माझ्यावर उखडले. "बाई मरायला टेकलीय आन् तुम्हाला धंदा सुचतोय? लिहा!"

मग ते सांगत गेले आणि मी इंग्रजीत लिहीत गेले. ताई, इस्टेटीचं नंतर बघू, आधी तब्येतीचं बोला. जेवण जातं का? झोप लागते का? आमच्या परतूरला एक वैद्य आहेत, त्यांच्या पुड्या पोस्टानं पाठवू का? पत्ता कळवा.

उत्तर आलं: बँकेची माहिती तातडीनं पाठवा.

काका हळहळले. "बघा, दुखण्यात माणूस कसा चिडचिडा होतो." पुन्हा पत्र. ताई, तिकडं एकट्या राहू नका, बिलकुल संकोच न करता आष्टीला निघून या. घरात तीन सुना आहेत, तुमचं सगळं करतील. तिखट कमी खायचं असेल तर तसं सांगा.

असं बरेच दिवस चाललं. तिकडून बँक, इकडून पथ्यपाणी. शेवटी एकदा दोनच ओळी आल्या. मी वाचल्या आणि काकांना भाषांतर करून सांगायचं टाळलं. त्यात लिहिलं होतं: महाशय, कृपा करून आता मला लिहू नका.

त्यानंतर मेल बंद. काका येत राहिले, रिकामी इनबॉक्स बघून जात राहिले. मग एक दिवस सुतकी चेहऱ्यानं माझ्या काउंटरशी उभे राहिले. "गेली वाटतं बाई."

मी त्यांना खुर्ची पुढं केली.

"एवढी इस्टेट, पण मागं दिवस घालायला कुणी न्हाई," काका म्हणाले. "रविवारी घातलेत आपण. जेवायला या."

गेले मी. निम्मी आष्टी पंगतीला होती. बुंदी उत्तम होती.

*

कॉलेजात एकदा इंटरनेटच्या धोक्यांवर व्याख्यान ठेवलं होतं. कॉम्प्युटर चालवायला मला बोलावलेलं. पाहुणे मोठे तज्ज्ञ. तासभर घसा फोडून त्यांनी सांगितलं की पासवर्ड सख्ख्या भावालाही सांगू नका. टाळ्या पडल्या. मग त्यांना स्वतःच्या मेलमधली चित्रं दाखवायची होती. माइक हातात तसाच धरून ते मला म्हणाले, "मॅडम, घ्या टाइप करून. पहिलं जे कॅपिटल…"

मागच्या बाकावरच्या पोरांनी तेवढंच व्याख्यान उतरवून घेतलं.

*

त्याच कॉलेजात कविता होती. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. अभ्यासाला लागतील तेवढी पानं शोधायला माझ्याकडे यायची, काम झालं की उठायची. वडील स्टीलच्या कारखान्यात, आई शकुंतलाबाई अंगणवाडीत सेविका.

एका दुपारी कविता आली ती पडद्याआड बसून रडायलाच लागली. स्क्रीनवर तिचाच फोटो होता. गॅदरिंगमध्ये साडी नेसली होती, तो. तेव्हा स्क्रॅप, म्हणजे एकमेकांच्या पानावर चार ओळी, लिहायची एक साइट पोरांमध्ये फार चालायची. तिच्यावर कुणीतरी कविताच्या नावानं, कविताच्या फोटोचं अकाउंट काढलं होतं. 'आय ॲम सिंपल अँड स्वीट, मैत्री करणार का?' असं वर लिहिलेलं, आणि खाली पोरांची जत्रा. हाय डिअर, हाय स्वीटी, कुठं भेटतेस? ती खोटी कविता प्रत्येकाला लाडात उत्तरं देत होती. खरीला कॉलेजच्या फाटकातून आत जाणं मुश्कील झालं होतं.

"मॅडम, ही मी न्हाई, हे मी कुणाकुणाला सांगत फिरू? बाबांना कळलं तर उद्यापासून कॉलेज बंद."

साइटवर तक्रारीचं एक बटण होतं. आम्ही ते दाबलं. दुसऱ्या दिवशी परत दाबलं. तिसऱ्या दिवशी दोघींनी मिळून दाबलं. ते बटण बहुतेक आम्हाला काहीतरी केल्याचं समाधान मिळावं म्हणूनच ठेवलं असावं.

शेवटी मी म्हटलं, "आईला सांग."

शकुंतलाबाई अंगणवाडी सुटल्यावर आल्या. ठेंगणी, सावळी बाई, हाताला खिचडीचा वास. मी सगळं दाखवलं. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर पोरीला बोलतील. त्यांनी चष्मा लावला, सगळं सावकाश वाचून घेतलं आणि विचारलं, "ही जी कोण हाय, ही स्वतःला माझी कविता म्हणवून घेती ना?"

"हो."

"बराबर. मंग मी हिची आई झाले. मला माझ्या पोरीशी बोलायचंय. काढा माझं खातं."

खातं काढलं. नाव 'कविताची आई'. फोटो अंगणवाडीच्या ओळखपत्रावरचा, कॅमेऱ्यावर डोळे वटारलेला. मैत्रीची विनंती पाठवली; खोटी कविता कुणालाच नाही म्हणत नव्हती, तिनं आईचीही स्वीकारली. त्या रोज यायच्या, सांगायच्या, आणि खरी कविता टाइप करायची. सगळ्यांना दिसेल असं, त्या खोट्या कविताच्या पानावर.

"कविता, डबा तसाच परत आणलास. मेथी आवडत न्हाई तर सकाळीच सांगायचं."

"कविता, डोक्याला औषध लावलं का? उवा लय झाल्यात."

इथं खऱ्या कविताचे हात थांबले. "आई, उवा नको ना!"

"तुझ्या डोक्यात कुठंयत? तिच्या डोक्यात हायेत. लिही."

पलीकडचा ते पुसून टाकायचा. शकुंतलाबाई परत लिहायच्या. मग त्या मैत्री मागणाऱ्या पोरांकडे वळल्या. निम्म्या जुन्या जालन्याची पोरं त्यांच्याच अंगणवाडीतून गेलेली. "डिअर कुणाला म्हणतो रे? तू चौधरींचा बंटी ना? माझ्याकडं होतास तवा रोज चड्डी ओली करायचास. आता बरं हाय का?" हे सुद्धा बंटीच्या पानावर, त्याच्या सगळ्या मित्रांना दिसेल असं!

पोरं गळायला लागली. दिवाळीनंतर फटाक्याच्या दुकानासमोर असते तेवढीच गर्दी तिथं उरली. मग तीही गेली. खोट्या कविताच्या मित्रयादीत शेवटी एकच नाव शिल्लक राहिलं. कविताची आई.

तेव्हा पलीकडून पहिल्यांदा उत्तर आलं. "मावशी, सॉरी. चूक झाली. मी अकाउंट बंद करतो."

कविता आनंदानं उडालीच. मी सुटकेचा निःश्वास सोडला. शकुंतलाबाईंनी मात्र चष्मा पुसला आणि सांगितलं, "लिही. मावशी कोण? आई म्हण. खातं तर बंद करच. आन् उद्या चार वाजता घरी ये. न्हाई आलास तर मी येते तुझ्या घरी."

कवितानं पाठवलं. मी चाट! "बाई, कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे?"

"मला काय माहीत!" शकुंतलाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण मला माहीत न्हाई, हे त्याला कुठं माहीत हाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाही चहाला बोलावलं. कविता बाजेवर पुस्तक उघडून बसली होती, पान काही उलटत नव्हती. वडील कारखान्यात होते. चार वाजून गेले. कुणी येईना. मला वाटलं, संपलं, येतोय कशाला!

तेवढ्यात दारात सावली पडली. उंचापुरा, कपडे झकपक, गॉगल खिशात. कविताच्याच वर्गातला. गॅदरिंगचे फोटो यानंच काढले होते. कवितानं त्याच्याकडे बघितलं तसा तो जमिनीकडे बघायला लागला.

"बंद केलं का?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"केलं, माव… केलं."

बाई त्याला रागावल्या नाहीत. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. बापाला सांगते म्हणाल्या नाहीत. मोरीकडे नुसतं बोट दाखवलं. तिथं सकाळपासूनची भांडी साचवून ठेवली होती. पोरगा उंबऱ्यात जरा घुटमळला. मग त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पाटावर बसला.

शकुंतलाबाईंनी माझ्या हातात चहाचा कप दिला, स्वतः एक घोट घेतला आणि मोरीकडे न बघताच म्हणाल्या,

"कढई आतूनबी घास गं, कविता!"